कंपाऊंडची वॉल मऊ लागत होती, उद्यमनगरात जाऊन हार्ड करून आणली

सुरुवातीलाच सांगतो, हा रिव्ह्यू माझ्या कंपाऊंड धनुष्याचा नाही, त्याच्यावरच्या दोन खुंट्यांचा आहे. बोटाच्या दोन पेरांएवढे ड्रॉ स्टॉप (दोरी ठरल्या जागी अडवणाऱ्या खुंट्या), कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका लेथवाल्या मामांकडनं बनवून घेतलेले, जोडीचे ४५० रुपये. चार महिने झाले वापरतोय, रोजचे साठ-सत्तर बाण धरा, म्हणजे आता बोलायला हरकत नाही.

आधी दुखणं काय होतं ते ऐका. माझं धनुष्य सेकंड हँड, ५५ पौंडावर सेट केलेलं (स्पर्धेत कंपाऊंडला ६० पर्यंत चालतं). ज्यांनी कंपाऊंड कधी ओढलेलं नाही त्यांच्यासाठी, सुरुवातीला सगळं वजन खांद्यावर येतं, मग कॅम (धनुष्याच्या दोन्ही टोकांची चाकं) फिरले की एकदम हलकं होतं त्याला लेट-ऑफ म्हणतात, आणि अगदी शेवटी कॅम फिरायचा थांबतो, हाताला अडल्यागत लागतं, ती वॉल. माझी वॉल म्हणजे भिंत कसली, गादी होती. टेकलो म्हणायचं आणि अजून थोडं ओढलं की अजून थोडं येतंय, दमल्यावर पुढं सरकतंय ते कळतच नाही. एका बाणाला पीप (दोरीत बसवलेलं, नेम धरताना बघायचं भोक) डोळ्यासमोर बरोबर, पुढच्याला कडा काळी. त्यात मी हिंज रिलीज (दोरी धरून सोडायचं हातातलं यंत्र) वापरतो, त्याला ट्रिगर नसतो, पाठीचा जोर वाढवत नेला की तो आपला फिरून सुटतो, पण जोर लावायला पलीकडं काहीतरी घट्ट पाहिजे ना राव. गादीला रेटून काय होणार.

कारण तसं साधं आहे. माझ्या कॅमवरचे स्टॉप केबलला टेकणारे, म्हणजे पूर्ण ओढल्यावर खुंटी जाऊन केबलवर बसते, आणि केबल ही शेवटी दोरीच, ती वाकणार. वर त्या खुंट्यांवर रबराची टोपी, तीही झिजून एका बाजूला चपटी झालेली. जिथनं धनुष्य घेतलं त्या दुकानदाराला (नाव नको) नवीन रबर मागितलं तर त्यानं दीड महिन्यानं भलत्याच मापाचं पाठवलं आणि वर म्हणतो ताणून बसवा. मग ठरवलं, रबराचा नाद सोडायचा आणि लिम्ब (धनुष्याचं वरचं-खालचं पातं) स्टॉपच करायचे. त्यात खुंटी केबलऐवजी थेट लिम्बच्या आतल्या अंगाला टेकते, लिम्ब काय केबलसारखा वाकत नाही, म्हणून वॉल घट्ट लागते. माझ्या कॅमवर दोन्हींसाठी खाचा आहेत, पण जुन्या खुंट्या आखूड, लिम्बपर्यंत पोचतच नव्हत्या. बाहेरनं ओरिजिनल जोडी मागवायची तर कुरिअर, कस्टम धरून तीन हजारांच्या वर जात होतं. दोन खुंट्यांना! आणि आपण राहतो कोल्हापुरात, जिथं फाउंड्री आणि लेथ गल्लोगल्ली.

मामांकडं गेलो तेव्हा ते कुठल्यातरी पंपाचा शाफ्ट मारत होते. जुनी खुंटी हातात घेऊन उलटीपालटी केली, "ह्यो काय शिलाई मशीनचा पार्ट हाय व्हय?" म्हटलं मामा, धनुष्याचा आहे, लिम्बला टेकतो. "लिंबाला? झाडाच्या?" दहा मिनिटं त्यातच गेली. पण माणूस पक्का. मी घरनं एम-४ चा स्क्रू घेऊन गेलेलो, म्हटलं साधारण तोच बसतोय. मामांनी तो जुन्या खुंटीत फिरवला, तो खडखडत खाली उतरला, लगेच माझ्याकडं बघून मान हलवली. आटे मोजायची पट्टी काढली, एकेक पान त्या आट्यांवर धरून उजेडाकडं करत बघितलं, आणि म्हणाले हे इंची आटे आहेत, इंचाला ३२. मग डोक्यात प्रकाश पडला, हा ८-३२ चा आटा, बाणाच्या पुढच्या स्क्रूवाल्या टोकाला असतो तोच. ४.१७ मिलिमीटरचा स्क्रू आणि मी ४ चा कोंबायला निघालेलो, ते पण ५५ पौंडाच्या धनुष्यावर. कधीतरी निसटलाच असता. एवढ्या एका गोष्टीसाठी मामांना पैकीच्या पैकी.

तेच ऍलन कीचं. अमेरिकन धनुष्याचे स्क्रू इंची असतात, आपल्याकडं घरात सगळा मिलिमीटरचा सेट. एक अष्टमांश इंचाच्या भोकात ३ ची की जाते, फिरतेपण, आणि दोन-तीनदा फिरवली की भोक गोल. माझा एक स्क्रू तसाच खाल्ला गेलाय. इंची सेट वेगळा घ्या, तीनशे-चारशेला मिळतो, वाचवू नका.

पहिली जोडी पितळेची केली, मामांचाच हट्ट, "चकाकतंय बघ". चकाकत होतं खरं. पण पितळ ॲल्युमिनियमच्या तिप्पट जड, आणि कॅमच्या कडेला वजन वाढवणं काही बरं नाही, कॅमला फिरताना ते ओढत न्यायला लागतं. दुसरं म्हणजे नुसता धातू लिम्बवर आपटला की टक्क आवाज, तिसऱ्या दिवशी लिम्बच्या रंगावर बारीक चंद्रकोर उमटलेली दिसली. काळजात धस्स झालं. लिम्ब फायबरचा असतो, त्याला चीर गेली तर विषय संपला. लगेच काढल्या.

दुसरी जोडी ॲल्युमिनियमची, आणि टेकायच्या जागी डेलरिनची दीड मिलिमीटरची पातळ बुशी घट्ट दाबून बसवलेली. डेलरिन म्हणजे ते पांढरं कडक प्लास्टिक, गिअर-बुश करतात त्याचं, रबरासारखं दबत नाही आणि धातूसारखं लिम्बला खातपण नाही. आख्खी खुंटी डेलरिनची का नको म्हणून मी विचारलं, तर मामा म्हणाले लांब खुंटी एकाच टोकाला धरलेली असली की दाबाला लवणार, मग तुझी गादी परत आली. बरोबर आहे. व्हर्निअर लावून दोन्ही खुंट्या मोजल्या, फरक केसाएवढापण नाही.

बसवल्यावर पहिल्यांदा ओढलं तेव्हा, आमच्यात म्हणतात तसं, विषय हार्ड. ठप्प. कुठं थांबायचं त्यात शंकाच नाही. पाठ आवळली की जोर थेट रिलीजमध्ये जातोय हे जाणवतं, हिंज आता रोज साधारण एकाच वेळेला सुटतो.

पण फुकट काही मिळत नाही. लिम्ब स्टॉपची खुंटी थोडी आधीच टेकायला लागली, म्हणजे ड्रॉ लेंग्थ (दोरी किती मागं येते ते) पाव इंचानं घटली आणि हातात धरून ठेवायचं वजन वाढलं. बॅगा मोजायच्या डिजिटल काट्याला लावून बघितलं, आधी ६.३ किलो दाखवत होता, आता ७.४. म्हणजे ७५ टक्क्यांचा लेट-ऑफ ७० वर आला. किलोभर म्हणजे काय एवढं, असं वाटतं, साठाव्या बाणाला कळतं. व्हॅलीपण (वॉलच्या अलीकडचा हलका टप्पा) आखूड झाली, जरा सैल सोडलं की धनुष्य हात पुढं ओढून नेतं. डी-लूप (दोरीवरचा रिलीज अडकवायचा छोटा फास) थोडी लांब बांधायला लागली, साईटच्या खुणा सगळ्या परत काढाव्या लागल्या, कारण बाण खाली पडायला लागले. नंतर खाचेत खुंटी जरा मागं सरकवून वाढलेलं निम्मं वजन परत कमी केलं. एकदम नाही हां, अर्धा-अर्धा मिलिमीटर.

आणि दोन्ही खुंट्या एकदमच टेकल्या पाहिजेत, हे सगळ्यात महत्त्वाचं. वरची आधी आणि खालची मागनं असं झालं तर घट्ट वॉल असूनपण बाण वर-खाली जातात. हे एकट्यानं कळत नाही, आपण ओढून धरायचं आणि दुसऱ्यानं बाजूनं बघायचं. माझ्या पुतणीनं बघितलं, "काका, खालची अजून कागदाएवढी लांब आहे". खरंच एक कागद जाईल एवढी फट. बाण लावून, टार्गेटकडं तोंड करूनच हे करा, रिकामं ओढायचं नाही, चुकून सुटलं तर धनुष्याचे तुकडे आणि हाताला टाके. स्क्रूला निळं थ्रेडलॉक (आटे धरून ठेवणारा गोंद) लावा, लाल नको, लाल लावलं तर पुढच्या वेळेला ड्रिल घेऊन बसाल.

पुतणीचं ऐका. ती पण कंपाऊंडच मारते, साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ ला बर्लिनमध्ये वर्ल्ड चॅम्पियन झाली तेव्हापासून डोक्यात दुसरं काही नाही, त्यात आता २०२८ च्या ऑलिम्पिकला कंपाऊंडची मिक्स्ड टीम घेतलीय म्हटल्यावर तर बघायलाच नको. तिला माझ्यासारखेच स्टॉप पाहिजेत म्हणून एक जोडी तिच्यापण धनुष्याला केली. आठ दिवसांत काढून ठेवली. म्हणते, "कडक वॉलला मी जोरात रेटते आणि पुढचा हात थरथरतो, मला जुनंच बरं." तिचे बाण जुन्यानंच जवळ जवळ पडतात, मग कशाला वाद घालायचा. चांगले चांगले तिरंदाजपण केबल स्टॉपवर मारतात, हे मलाही माहीत आहे. वॉलला हलकं टेकून मारणाऱ्याला थोडा मऊपणा मानवतो, माझ्यासारख्या रेटून मारणाऱ्याला नाही.

माझा स्कोअर विचाराल तर ५० मीटरला ७२ बाणांत ६६५ च्या आसपास अडकलेलो, आता ६७२-६७४ होतो. ह्यातलं खुंट्यांचं किती आणि चार महिन्यांच्या सरावाचं किती, देवाला ठाऊक. पण ८० सेंटिमीटरच्या कागदावर दहाचं वर्तुळ फक्त ८ सेंटिमीटरचं असतंय, तिथं आठ-नऊ गुणपण लई वाटतात. सातच्या रेषेबाहेर गेलेला बाण महिनाभरात एकच आठवतोय, आणि तो पण फोन वाजला म्हणून.

पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो पहिल्या पितळेच्या जोडीचा, कारण लिम्बवरची ती चंद्रकोर अजून तशीच आहे, रोज ओढताना दिसते. मामांनी माप वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलंय, वर नाव घातलंय "लिंबाची खुंटी". कुणी जाणार असाल तर स्वतःची जुनी खुंटी आणि स्क्रू बरोबर न्या, फोटो दाखवून काम होत नाही, आणि दुपारी दोन ते चार जाऊ नका, मामा झोपलेले असतात.