गेलेल्या माणसाची पॉलिसी आणि 'फंड रिलीज'चा फोन

फोन बहुधा वर्षश्राद्धाच्या आत येतो. "काकू, काकांची जुनी पॉलिसी होती ना? पावणेसात लाख पडून आहेत, कुणी क्लेमच केला नाही." काकांचं पूर्ण नाव, जन्मतारीख, कधी पॉलिसी नंबरही समोरच्याला तोंडपाठ. बोलणारा आयआरडीएआयचा 'अधिकारी'. ही विमा कंपन्यांवर देखरेख करणारी नियामक संस्था पॉलिसी विकत नाही, बोनस वाटत नाही आणि असे फोनही करत नाही.

पुढची सरळ चोरी ओळखीची आहे: फाइल चार्ज, मग जीएसटी, मग टीडीएस, दर वेळी 'हे शेवटचं'. विमा कंपनी क्लेमसाठी फी घेत नाही. टीडीएस लागलाच तर मिळणाऱ्या रकमेतून कापतात, आधी भरून घेत नाहीत. पैसे गेले असतील तर ताबडतोब 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा.

दुसरा प्रकार जास्त बेरकी. "रक्कम सोडवायला नव्वद हजार डिपॉझिट, वर्षात परत." चेक खऱ्या विमा कंपनीच्या नावे मागतात, त्यामुळे शिकलेली मुलंही फसतात. निघते ती काकूंच्या नावे नवी पॉलिसी, हप्ते दहा-बारा वर्षांचे. अर्जावर ईमेल फोन करणाऱ्याचा, कमिशनही त्याच्याच साखळीत. "उद्या व्हेरिफिकेशनचा फोन येईल, सगळ्याला हो म्हणा, नाहीतर फाइल परत जाईल." त्या फोनवर हप्ता, मुदत, शिवाय कुणी बोनसचं आमिष दाखवलं का, हेही विचारतात. तिथे पढवलेलं उत्तर दिलं की नंतर तक्रारीत कंपनी तेच रेकॉर्डिंग पुढे करते. पॉलिसी हाती आल्यापासून 30 दिवसांत 'फ्री लुक'खाली परत करता येते. किरकोळ वजावट होऊन पैसे मिळतात. अर्ज लेखी द्या, पोच घ्या.

खरी पॉलिसी शोधायची तर पासबुकापासून सुरुवात करा. दरवर्षी मे-जूनच्या सुमारास 436 रुपये कापलेले दिसले तर तो पंतप्रधान जीवनज्योती विमा, 2 लाखांचा. क्लेम त्याच बँकेत. (2022 आधीच्या नोंदी 330 च्या.) बाकी हप्त्यांच्या नोंदींवरून कंपनी कळते. प्रत्येक विमा कंपनीच्या वेबसाइटवर 1,000 रुपये व त्यावरच्या दावा न केलेल्या रकमा शोधायची सोय असते. नाव, जन्मतारीख, पॅन टाकून पाहा. नावाची जुनी स्पेलिंगंही टाका, निम्मी शोधाशोध तिथेच अडते. 10 वर्षं पडून राहिलेली रक्कम ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीत जाते. ती बुडत नाही, पुढची 25 वर्षं मागता येते, अर्ज मात्र त्याच कंपनीकडे करायचा.

शाखेत क्लेम फॉर्म, मूळ पॉलिसी बाँड, मृत्यूचा दाखला, नॉमिनीचं ओळखपत्र आणि कॅन्सल्ड चेक लागतो. बाँड हरवला असेल तर स्टँप पेपरवर इंडेम्निटी बाँड (नुकसानभरपाईचं हमीपत्र). नॉमिनी नसेल तर वारसाचे कागद मागतात, आणि वेळ खरा तिथेच जातो. मृत्यू पॉलिसीच्या पहिल्या 3 वर्षांतला असेल तर चौकशी होते, दवाखान्याचे केसपेपर जपा. कोऱ्या डिस्चार्ज फॉर्मवर (विम्याची रक्कम मिळाल्याच्या पावतीवर) सही कुणालाच देऊ नका, घरच्या जुन्या एजंटलाही नाही.

कंपनीने क्लेम नाकारला किंवा लेखी तक्रारीला महिनाभरात उत्तर दिलं नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जा. महाराष्ट्रात कार्यालयं मुंबई, ठाणे आणि पुण्यात आहेत. 50 लाखांपर्यंतची तक्रार चालते, फी नाही, वकील लागत नाही.