स्लॅशर घेताय? आधी गिअरबॉक्सचा नट उघडायला लावा

आमच्या वरूड-मोर्शी पट्ट्यात संत्र्याच्या बगीच्यात रोटाव्हेटर (माती खोदून भुसभुशीत करणारं यंत्र) घालू नये असं आता पुष्कळ जण सांगतात, आणि ते खरं आहे. संत्र्याची अन्न घेणारी मुळं वरच्या थरातच पसरलेली असतात. ती तुटली की जखमेतून बुरशी शिरते, डिंक्या (खोडातून डिंक गळणारा रोग) लागतो. त्यापेक्षा ट्रॅक्टरमागे स्लॅशर लावून गवत वरच्या वर कापावं आणि तिथंच आच्छादन म्हणून पडू द्यावं. याच विचाराने मी स्लॅशर घ्यायला निघालो आणि एका विक्रेत्याने मला रंगवलेलं जुनं मशीन नवं म्हणून विकलं.

त्याचं बोलणं असं: "भाऊ, कालच गाडीतून उतरलं. अनुदानाचं माझ्याकडं लागलं, निम्मे पैसे खात्यात येतील. चालवायला आमचा पोरगा शिकवून जाईल." दुकानासमोर ट्रॅक्टरला जोडून त्याने मशीन फिरवूनही दाखवलं. रिकामं फिरताना आवाज एकदम गुळगुळीत होता. पक्कं बिल मात्र "अनुदानाच्या फाइलसोबत देतो" म्हणाला.

शिकवायला आलेल्या पोराने "पीटीओ टाका आन् रेस द्या" एवढंच सांगितलं आणि गेला. पीटीओ म्हणजे ट्रॅक्टरच्या मागचा, मशीन फिरवणारा दांडा. खरं शिकवलं ते शेजारच्या काकाजींनी. आधी वावर पायी फिरायचं; दगड, तार, ठिबकची नळी, तुटकं खोड बघून घ्यायचं. पीटीओ कमी रेसवर टाकायचा, मग हळूहळू मिनिटाला ५४० फेऱ्यांपर्यंत न्यायचा. टॉपलिंकने (मशीन ट्रॅक्टरला जोडणारा वरचा दांडा) मशीनचा पुढचा भाग मागच्यापेक्षा जरासा खाली ठेवायचा, म्हणजे कापलेलं गवत मागून मोकळं निघतं. मागच्या साखळ्या कधीच काढायच्या नाहीत, पात्याने उडवलेला दगड त्याच अडवतात. आणि काही अडकलं तर पीटीओ बंद, इंजिन बंद, किल्ली खिशात. पाती थांबल्याशिवाय खाली वाकायचं नाही.

हे सगळं पाळूनही मशीन फुटलं. दाट गवतात पातं एका खुंटाला लागलं. अशा वेळी शाफ्टवरचा शिअर बोल्ट तुटायला हवा; बोल्ट स्वस्त असतो आणि गिअरबॉक्स वाचतो. इथं बोल्ट जागेवरच राहिला आणि आतले दाते गेले.

मिस्त्रीने गिअरबॉक्स उघडला तेव्हा सगळा प्रकार समोर आला. आत ९० नंबर ऑइलऐवजी ग्रीस ठासून भरलेलं. घट्ट ग्रीसने झिजलेल्या गिअरचा आवाज दबतो आणि फुटक्या सीलमधून गळतीही दिसत नाही. शिअर बोल्टच्या जागी कडक पोलादाचा बोल्ट, डोक्यावर मजबुतीचा ८.८ हा आकडा. कंपनीच्या पुस्तकात यापेक्षा नरम बोल्ट सांगितलेला आहे. नंबरप्लेटवर नवं स्टिकर होतं. ते सोलल्यावर खाली घासून काढलेला जुना क्रमांक निघाला. एवढी तयारी अजाणता होत नाही.

अनुदानाचीही थापच होती. महाडीबीटीवर (राज्य सरकारचं अनुदान-अर्जाचं संकेतस्थळ) अर्ज करून आधी पूर्वसंमती मिळावी लागते, खरेदी त्यानंतर. शिवाय मशीनचा मान्यताप्राप्त संस्थेचा तपासणी अहवाल आणि जीएसटीचं बिल लागतं, पैसे थेट शेतकऱ्याच्या आधारजोडणी केलेल्या खात्यात येतात. विक्रेत्याकडे लागण्यासारखं यात काही नसतंच. "आधी घ्या, मग फाइल करू" म्हणणारा तुम्हाला अनुदानाच्या बाहेर काढतो आहे, हे तिथंच ओळखा.

म्हणून दुकानात उभे असतानाच गिअरबॉक्सचा ऑइलचा नट उघडायला लावा. बोट बुडवून बघा, पातळ ऑइल हाताला लागलं पाहिजे. पुढचा शाफ्ट हाताने वर-खाली हलवा, खेळ म्हणजे ढिलेपणा आहे का बघा. पात्यांची भोकं लांबुळकी झाली असतील तर मशीन वापरलेलं आहे. प्लेटवरचा क्रमांक बिलावर लिहून घ्या, आणि प्रात्यक्षिक उभ्या गवतात मागा, दुकानासमोर नाही.

मी पैसे फोनवरून त्याच्याच खात्यात भरले होते आणि त्याचे व्हॉट्सॲप संदेशही जपून आहेत. त्या आधारावर जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दिली आहे. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी तिथं शुल्क लागत नाही. मिस्त्रीचा लेखी अहवाल, घासलेल्या प्लेटचे फोटो आणि तो बोल्ट, तिन्ही जोडलंय. याच भागात कुणाला असंच रंगवलेलं मशीन मिळालं असेल तर ते भंगारात देऊ नका आणि गिअरबॉक्स साफ करायच्या आधी फोटो काढून ठेवा.