499 मध्ये ‘बिनपाण्याचं इंजिन क्लीनिंग’ घरपोच, आणि मग दहा हजारांची कॉइल

पुण्यात उन्हाळ्यात आमच्या सोसायटीत पाइप लावून गाडी धुवायला बंदी असते, टँकरचे पैसे सगळ्यांनाच द्यावे लागतात त्यामुळे ते बरोबरच आहे. याच दिवसांत व्हॉट्सअ‍ॅपवर ती जाहिरात फिरत होती, पार्किंगमध्ये येऊन बॉनेटच्या आतली सफाई, पाणी फक्त 2 लिटर, 499 रुपये. माझी स्विफ्ट, पेट्रोल, आतमध्ये धुळीचा आणि तेलाचा थर बसलेला, म्हटलं करून घेऊ.

माणूस आला, टीशर्टवर लोगो वगैरे, बोलायला एकदम गोड. बॉनेट उघडल्या उघडल्या पांढरा कपडा घेऊन टॅपेट कव्हरच्या (इंजिनच्या वरच्या झाकणाच्या) कडेवरून फिरवला आणि काळा झालेला कपडा माझ्यासमोर धरला, "दादा, ऑइल लीक आहे बघा, पॅकिंग गेलंय." आता जुन्या गाडीच्या इंजिनवर कुठेही कपडा फिरवा, काळाच होणार ना! खरं लीक असेल तर जागा पुसून कोरडी करायची, चार दिवस गाडी चालवायची आणि टॉर्च मारून बघायचं, लीक असेल तर जोडाच्या रेघेवर परत ओल दिसते, नसेल तर फक्त धूळ. हे मला नंतर कळलं. त्याने तिथल्या तिथे कसलंसं सीलंट फासलं, मग डीग्रीझर (तेल-ग्रीस काढायचं लिक्विड), मग ‘नॅनो सिरॅमिक’, मग उंदरांनी वायर खाऊ नये म्हणून स्प्रे, असं करत करत 499 चे 2,999 झाले. सिरॅमिक म्हणजे काय तर साधा सिलिकॉन स्प्रे, होजवर, वायरिंगवर, बेल्टवर सगळीकडे सरसकट मारलेला. प्लास्टिक असं चकाचक की शोरूमची गाडी वाटावी. बेल्टवर सिलिकॉन गेलं की बेल्ट घसरतो, दुसऱ्या दिवशी सकाळी स्टार्ट मारली की चूं चूं सुरू. आणि त्या डीग्रीझरला सरळ डिझेलचा वास येत होता, एसी लावला की तो वास आत, कारण बाहेरची हवा काचेच्या खालच्या जाळीतूनच आत येते. डिझेलने रबरी कुलंट होज फुगतात, गरम इंजिनवर तर ते आगीचंच काम आहे.

पण खरा खेळ पुढे. गाडी झटके मारायला लागली, चेक इंजिन लाइट लागला, सिग्नलला उभी असली तरी थरथर. त्यालाच फोन केला तर म्हणतो, "दादा तुमच्या कॉइल वीक झाल्या असणार, माझा ओळखीचा मेकॅनिक आहे, डिस्काउंटमध्ये करून देईल." कॉइल म्हणजे स्पार्क प्लगला ठिणगीसाठी करंट देणारा भाग, प्रत्येक सिलिंडरला एक. मेकॅनिक गाडी घेऊन गेला, संध्याकाळी परत आणून दिली, चारही कॉइल नवीन, 2,400 प्रमाणे 9,600 आणि मजुरी 600, यूपीआयवर घेतले, बिल "उद्या पाठवतो". जुन्या कॉइल मागितल्या तर त्या म्हणे भंगारवाल्याला दिल्या. गाडी मात्र मस्त चालत होती, त्यामुळे शंका यायचं काही कारणच नव्हतं.

पकडलं गेलं ते बेल्टच्या आवाजामुळे. नेहमीच्या गॅरेजवाल्या काकांकडे गेलो, त्यांनी कॉइल उपसून हातात घेतली आणि हसायलाच लागले. मागच्या सर्व्हिसला प्लग बदलताना त्यांनी चारही कॉइलवर पांढऱ्या पेंटने 1, 2, 3, 4 लिहिलं होतं, जागा बदलू नये म्हणून. ‘नवीन’ कॉइलवर तो 3 खरवडलेला, पण खालचं गोल पोट तसंच राहिलेलं! म्हणजे कॉइल माझ्याच, पुसून परत बसवलेल्या. प्लगच्या खड्ड्यात तळाला पाण्याचा डाग आणि गंज पण दिसला. काका म्हणाले, "यात पाणी साचलं होतं, त्या मेकॅनिकने हवा मारून वाळवलं, बाकी काही केलेलं नाही." मग वॉचमनला विचारलं तर तो म्हणतो साहेब तुम्ही वर गेलात तेव्हा त्या सफाईवाल्याने नळाला पाइप लावला होता की, मी ओरडलो तर म्हणाला साहेबांनीच सांगितलंय. घ्या बिनपाण्याचं क्लीनिंग! पाणी घालून बिघाड करायचा आणि तो बिघाड परत आपल्यालाच विकायचा, दोघांची जोडी आहे ही.

आता फोन बंद येतो. ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार करता येते, पण समोरच्याचं नाव-पत्ता, बिल काहीतरी हातात लागतं, माझ्याकडे यूपीआयचा स्क्रीनशॉट आणि एक खोटं नाव. कॉइल खरंच गेलीय का हे बघायचं असेल तर सोपी टेस्ट आहे, कोणताही प्रामाणिक मेकॅनिक समोर करून दाखवेल. ज्या सिलिंडरचा मिसफायर येतोय (म्हणजे त्यात पेट्रोल नीट पेटत नाहीय), समजा स्कॅनरवर पी0302 म्हणजे दोन नंबर, त्याची कॉइल तीनला लावायची आणि तीनची दोनला. कोड पी0303 झाला तर कॉइल गेलीय, दोनवरच राहिला तर प्लग, पाणी किंवा दुसरं काहीतरी. चारही एकदम गेल्या असं कुणी म्हणालं तर गाडी तिथून हलवा.

आणि हे काम घरी होतं हो, अर्धी बादली पाणी पण लागत नाही. इंजिन कोमट होऊ द्या, गरमवर हात घालायचा नाही. दहाच्या पान्याने बॅटरीचं मायनस आधी काढा, काही गाड्यांत चावी काढल्यावरही रेडिएटरचा फॅन अचानक फिरतो, बोटं जातील. अल्टरनेटर, फ्यूज बॉक्स, एअर फिल्टरचं तोंड यांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधा. सुकी धूळ आधी पेंटच्या ब्रशने झाडायची, ब्रशच्या पत्र्याला टेप गुंडाळून घ्या, कुठे टेकला तर ओरखडा नको. मग ऑल पर्पज क्लीनर एकाला दहा पाणी, आणि ते इंजिनवर नाही तर ब्रशवर किंवा कपड्यावर मारायचं, थोडा थोडा भाग घासायचा आणि ओल्या पिळलेल्या मायक्रोफायबरने पुसायचं. कॉइलच्या आजूबाजूला फक्त कपडा. चमक हवीच असेल तर पाण्याचा बेस असलेलं ड्रेसिंग (प्लास्टिकला चमक देणारं लिक्विड), तेही फडक्याने फक्त प्लास्टिकला, बेल्टच्या जवळपासही नाही. ब्लोअर असेल तर कनेक्टरमधून हवा मारा, नसेल तर बॉनेट उघडं ठेवून तासभर वाळू द्या, पिशव्या आठवणीने काढा, मायनस सगळ्यात शेवटी लावा. घड्याळ परत सेट करावं लागेल, काही गाड्यांत स्टिरिओ कोड मागतो तो आधी शोधून ठेवा.