कॉर्ग एमएस-२० मिनी सिंथ: ईबीएमचा बेस हवा असेल तर डोळे झाकून घ्या

ईबीएम म्हणजे इलेक्ट्रॉनिक बॉडी म्युझिक अजून ऐकलं नसेल तर आधी डाफ या जर्मन जोडीची १९८१ ची गाणी ऐका, मग बेल्जियमचे फ्रंट २४२, मग इंग्लंडचे निट्झर एब. सरळसोट किक, वर कवायतीसारखं ओरडणं आणि खाली तोच तोच बेस, कॉर्ड जवळपास नाहीतच. डाफवाले हा बेस काढायला एमएस-२० या कॉर्गच्या सिंथला (सिंथेसायझर, विजेवर आवाज तयार करणारा कीबोर्ड) एसक्यू-१० सिक्वेन्सर (ठरवलेले सूर आपोआप परत परत वाजवणारं यंत्र) जोडायचे. मूळ एमएस-२० १९७८ चा, हा मिनी २०१३ मध्ये आला, साइज ८६ टक्के पण आतून अॅनालॉगच (आवाज डिजिटल नाही, थेट सर्किटमधून).

खरी मजा फिल्टरमध्ये आहे. हायपास (खालचा आवाज कापणारा) आणि लोपास (वरचा आवाज कापणारा) दोन्ही आहेत आणि दोघांना स्वतंत्र पीक (रेझोनन्स हो, फिल्टर जिथे कापतो तिथलाच आवाज टोकदार करणं, कॉर्ग त्याला पीक म्हणतं). सॉटूथ (करवतीच्या दातांसारखी खरखरीत वेव्ह) लावा, लोपास अर्ध्याच्या खाली आणा, एन्व्हलपचा डिके (सूर वाजल्यावर विरायला लागणारा वेळ) एकदम छोटा ठेवा आणि सोळा स्टेपचा पॅटर्न १२० बीपीएमच्या (मिनिटाला १२० ठोके) आसपास सोडा, झालं, तोच बेस! आता पीक हळूहळू वाढवा, पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा किंचाळायला लागतो, आणि बाकी सिंथ जिथे गोड होतात तिथे हा अजून घाण होतो, म्हणूनच तर घ्यायचा. माझ्या मते प्लगिनमध्ये (कॉम्प्युटरवरच्या सॉफ्टवेअर सिंथमध्ये) ही घाण एवढी मनासारखी येत नाही, भांडायचं तर भांडा.

मेमरी नाही, साउंड आवडला की मोबाइलवर नॉब आणि वायरींचा फोटो काढून ठेवायचा. एका वेळी एकच सूर वाजतो, त्यामुळे पॅडबिड (लांब पसरणाऱ्या कॉर्ड) विसरा. कीज बारीक आहेत, पियानोवाल्यांची चिडचिड होणार, पण हा जॉनर सिक्वेन्सरवरच चालतो त्यामुळे मला फरक पडत नाही. एक मात्र घ्यायच्या आधी बघा, पिच सीव्ही (कुठला सूर वाजवायचा ते सांगणारा व्होल्टेज) हर्ट्झ पर व्होल्टवर चालतो, बहुतेक मॉड्युलर गियर (वायरींनी जोडायचे सुटे सिंथ) व्होल्ट पर ऑक्टेव्हवाला असतो, मग सूर जुळत नाहीत. कॉर्गचा एसक्यू-१ सिक्वेन्सर दोन्ही देतो, नाहीतर सरळ यूएसबी मिडी (कॉम्प्युटरवरून केबलने सूर पाठवणं) वापरा.

आणि उजवीकडच्या पॅच पॅनलला (वायरी खोचायच्या भोकांची पाटी) घाबरू नका, तिथल्या एक्स्टर्नल सिग्नल इनपुटमधून ड्रम मशीन आत घेऊन फिल्टरमधून काढा, साधा स्नेअरपण कारखान्यातला वाटायला लागतो.