थॅलेसेमियासाठी डे-केअर: पहिली पंधरा मिनिटं इथं सिस्टर जागच्या हलत नाहीत

मी थॅलेसेमिया मेजरची पेशंट, म्हणजे माझं शरीर पुरेसं रक्त बनवत नाही, ते जन्मभर बाहेरून घ्यावं लागतं. आठ महिन्यांची असताना निदान झालं, आता एकतीस पूर्ण झाली. गेली तीन वर्षं दर तीन आठवड्यांनी या डे-केअर विभागात येते आणि दर खेपेला रक्ताच्या दोन पिशव्या लावून घरी जाते. म्हणजे नुसत्या इथल्याच शंभराच्या आसपास पिशव्या झाल्या. त्याआधी चार ठिकाणी रक्त घेतलंय. इथले बाकीचे अभिप्राय वाचले तर खुर्च्या, एसी आणि पार्किंगवरच बरंच लिहिलेलं दिसलं. खुर्च्या चांगल्या आहेत. मला रक्त कसं लावतात त्याबद्दल लिहायचंय, कारण आमच्यासारख्यांचं आयुष्य त्यावर उभं आहे.

पहिल्याच दिवशी एक गोष्ट लक्षात आली. सिस्टर पिशवी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "तुमचं पूर्ण नाव सांगा." जन्मतारीखही माझ्याच तोंडून वदवून घेतली. आज तीन वर्षांनी त्या मला चांगल्या ओळखतात, माझ्या भाचीच्या शाळेची चौकशी करतात, तरी पिशवी हातात आली की पुन्हा तेच, "पूर्ण नाव सांगा." आधीच्या एका ठिकाणी "तुम्ही अमुकच ना?" असं विचारायचे. ग्लानीतला माणूस त्यावर कशालाही "हो" म्हणतो. दोन्ही प्रश्न सारखेच वाटतात, पण चूक पकडली जाते ती पहिल्यानंच.

मग दुसऱ्या सिस्टर खाटेपाशी येतात. माझ्या मनगटावरची पट्टी, पिशवीवरचं लेबल आणि क्रॉसमॅचची (दात्याचं रक्त माझ्या रक्ताशी जुळवून पाहिल्याची) चिठ्ठी, तिन्ही एकमेकांशी ताडून पाहतात. पिशवीचा नंबर एक एक आकडा मोठ्यानं वाचतात. गट, आरएच, मुदतीची तारीख. पिशवी उजेडात धरून उलटी करून बघतात, कुठे गाठ नाही ना, रंग काळपट नाही ना, कडेला ओल नाही ना. सगळ्याला मिळून तीन मिनिटं लागतात.

ही तीन मिनिटं का लागतात हे मी वाचून-विचारून समजून घेतलंय. लँडस्टायनर यांनी १९०१ मध्ये रक्तगट मांडले, तेव्हापासून चुकीच्या गटाचं रक्त का मारतं हे ठाऊक आहे. तरीही चुकीची पिशवी लागते, आणि बहुतेक वेळा त्यात प्रयोगशाळेच्या ज्ञानाचा दोष नसतो. नमुन्याच्या नळीवर दुसऱ्याचं नाव पडतं किंवा खाटेपाशी ओळख पटवायची राहून जाते. ब्रिटनमध्ये १९९६ पासून रक्त चढवताना घडणाऱ्या गंभीर घटनांची देशभर नोंद ठेवतात. त्या अहवालांत वर्षानुवर्षं एकच चित्र दिसतं: दहातल्या आठांहून जास्त घटनांच्या मुळाशी माणसाच्या हातून झालेली चूक असते. म्हणूनच नमुना घेताना नळीवर आधी लेबल चिकटवून आणलेलं मला चालत नाही. इथं रक्त काढल्यावर माझ्यासमोर, पट्टीवर बघून नाव लिहितात.

पिशवी सुरू झाली की पहिली पंधरा मिनिटं थेंब अगदी सावकाश सोडतात आणि सिस्टर माझ्यापासून हात-दीड हातावर स्टुलावर बसून राहतात. नाडी, बीपी, ताप हे सगळं पिशवी सुरू करण्याआधी बघितलेलंच असतं, पंधरा मिनिटांनी पुन्हा बघतात. गंभीर रिअ‍ॅक्शन बऱ्याचदा याच वेळात डोकं वर काढते, आणि जितकं कमी रक्त आत गेलेलं तितकं नुकसान कमी. गेल्या वर्षी मला त्याचा अनुभव आला. सात-आठ मिनिटं झाली असतील, मानेला खाज सुटली. मी काही बोलायच्या आत सिस्टरांनी माझा हात खाजवताना पाहिला, ओढणी बाजूला केली, गांधी दिसल्या आणि त्यांनी लगेच क्लॅम्प बंद केला. सेट बदलून सलाईन लावलं, शीर उघडी ठेवली, डॉक्टरांना हाक मारली. पिशवी फेकली नाही. पुन्हा सगळी नावं-नंबर तपासले, फॉर्म भरला आणि रक्तपेढीला कळवलं. अ‍ॅलर्जी निघाली, इंजेक्शननं तासाभरात उतरली. त्या दिवशी घाबरले होते, पण एकटी आहे असं क्षणभरही वाटलं नाही.

आता ज्या कारणानं मी रिअ‍ॅक्शनच्या नोंदीबद्दल इतकी आग्रही झाले, ते सांगते. बावीस वर्षांची असताना परीक्षेसाठी परगावी होते. तिथल्या एका हॉस्पिटलात दोन पिशव्या लावल्या. रक्तगट जुळलेला, क्रॉसमॅच जुळलेली, लावताना काहीही त्रास नाही. सातव्या दिवशी ताप आला, डोळे पिवळे झाले आणि लघवी कोऱ्या चहासारखी काळी. हिमोग्लोबिन ६.८, म्हणजे रक्त लावण्याआधी होतं त्याहूनही कमी. तिथं सांगितलं, कावीळ आहे, विश्रांती घ्या. आईनं रातोरात गाडी करून मला परत आणलं. इथल्या नव्हे, आमच्या जुन्या डॉक्टरांनी कूम्ब्स चाचणी (लाल पेशींवर प्रतिपिंडं चिकटलीत का ते बघणारी) केली आणि निदान झालं: उशिरा होणारी रिअ‍ॅक्शन, किड गटाच्या प्रतिपिंडामुळे. किड हा ए-बी-ओ सोडून लाल पेशींवरचा आणखी एक गट, आणि प्रतिपिंड म्हणजे परक्या पेशींवर हल्ला करायला शरीरानं बनवलेलं प्रथिन. माझ्या शरीरानं दात्याच्या लाल पेशी आतल्या आत फोडून टाकल्या होत्या.

सगळ्यात जास्त लागलं ते पुढचं. हे प्रतिपिंड दोन वर्षांपूर्वीच्या एका रिपोर्टात लिहिलेलं होतं. तो कागद आमच्या घरी कपाटात, फाईलमध्ये. किडची ही खोड आहे. प्रतिपिंड तयार होतं, मग काही महिन्यांत रक्तातलं त्याचं प्रमाण इतकं घटतं की तपासणीत सापडतच नाही. क्रॉसमॅच स्वच्छ येते. शरीर मात्र विसरलेलं नसतं, त्याच खुणेच्या पेशी पुन्हा आल्या की काही दिवसांत तुटून पडतं. त्यामुळे आजचा नमुना कितीही नीट तपासला तरी जुनी नोंद पाहिल्याशिवाय भागत नाही. मला कुणी विचारलं नाही, आणि तो कागद इतका महत्त्वाचा आहे हे मलाही कुणी कधी सांगितलं नव्हतं.

या विभागात पहिल्या भेटीला समन्वयक ताईंनी पाऊण तास बसून माझी सगळी जुनी फाईल चाळली. पिवळा पडलेला तो रिपोर्ट त्यांच्या हाती लागला तेव्हा मला रडूच आलं. त्यांनी त्यावरून लॅमिनेट केलेलं एक कार्ड करून दिलं: माझा गट, सापडलेलं प्रतिपिंड, आणि आरएचच्या सी-ई खुणा व केल (या लाल पेशींवरच्या आणखी काही खुणा) जुळवूनच रक्त द्यावं अशी सूचना. ते कार्ड पर्समध्ये आधार कार्डाच्या मागे असतं. थॅलेसेमियाच्या मुलांच्या आईवडिलांना माझं एवढंच सांगणं आहे, रक्त सुरू व्हायच्या आधीच मुलाच्या लाल पेशींची ही सविस्तर ओळख करून घ्या. एकदा दुसऱ्याच्या पेशी मिसळल्या की ही ओळख पटवणं अवघड जातं.

पिशव्यांचं म्हणाल तर इथं पांढऱ्या पेशी गाळलेलंच रक्त मिळतं, आणि ते साठवण्याआधीच गाळलेलं. लहानपणी प्रत्येक वेळी मला थंडी वाजून ताप भरायचा. आई दोन गोधड्या घेऊनच निघायची. तो ताप बराचसा या पांढऱ्या पेशींचा. पिशवीत त्या अब्जावधी असतात, गाळल्यावर काही लाखांवर येतात. खाटेपाशी फिल्टर लावला तरी उपयोग होतो, पण तोवर साठवणीत त्यांच्यातून तापाची द्रव्यं सुटलेली असतात. तीन वर्षांत इथं मला एकदाच ताप आला.

एकदा माझ्या भावानं हट्ट धरला, "ताईला माझंच रक्त द्या, बाहेरचं नको." घरोघरी हीच समजूत असते. डॉक्टरांनी त्याला खुर्ची दिली आणि समजावलं. जवळच्या नातेवाइकाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी पेशंटच्या शरीराला परक्या वाटत नाहीत, म्हणून टिकून राहतात आणि उलट पेशंटवरच हल्ला करतात. हे क्वचितच होतं, पण झालं तर दहातले नऊ पेशंट दगावतात. नुसतं गाळून हा धोका जात नाही, त्यासाठी पिशवीवर २५ ग्रे (किरणांच्या मात्रेचं माप) इतका किरणांचा मारा करावा लागतो. शिवाय पुढे बोनमॅरोसाठी भाऊच दाता ठरू शकतो, त्याच्या रक्ताची सवय शरीराला आधीच नको. भाऊ त्या दिवशी रक्तपेढीत जाऊन अनोळखी पेशंटसाठी रक्त देऊन आला. आता वर्षातून तीनदा देतो.

मागच्या महिन्यात शेजारच्या खाटेवर एक आजोबा होते, अंगानं काटकुळे, हृदय कमजोर. मुलगा म्हणत होता, "दोन पिशव्या एकदमच लावा डॉक्टर, पुन्हा येरझार नको." डॉक्टरांनी एकच लावली, तीही सावकाश, आधी वजन करून. रक्तानं अंगात पाणी जास्त झालं की फुप्फुसं भरतात, त्याला टॅको म्हणतात, आणि रक्त चढवल्यामुळे झालेल्या मृत्यूंच्या नोंदींत अलीकडे हे सर्वात मोठ्या कारणांपैकी एक आहे. त्यांनी मुलाला १९९९ च्या अभ्यासाबद्दलही सांगितलं: आयसीयूतले ८३८ पेशंट, अर्ध्यांना हिमोग्लोबिन ७ च्या खाली गेल्यावर रक्त दिलं, अर्ध्यांना १० च्या खाली गेल्यावर. कमी रक्त मिळालेल्यांत महिन्याभरातले मृत्यू वाढले नाहीत. पण हृदयविकाराच्या झटक्यातल्या पेशंटवरचा २०२३ चा मोठा अभ्यास थोडा दुसऱ्या बाजूला झुकतो, म्हणून ते वडिलांचं हृदय बघून ठरवतात, असंही म्हणाले. मी मध्येच विचारलं, "मग मला ९.५ वर का लावता?" तर म्हणाले, "तुमचं गणित वेगळं. तुमच्या हाडांतला मगज स्वतः रक्त बनवायचं काम करून थकू नये, हाडं फुगू नयेत म्हणून." प्रश्न विचारला की इथं कुणाच्या कपाळाला आठी पडत नाही.

लोहाचं मात्र प्रत्येकानं मनावर घ्यावं. एका पिशवीतून साधारण २०० मिलिग्रॅम लोह येतं. माणसाच्या अख्ख्या शरीरात तीन-चार ग्रॅम असतं, आणि जास्तीचं बाहेर टाकायची सोय शरीरात नाही. माझ्या शंभर पिशव्यांचे वीस ग्रॅम होतात. ते गोळ्यांनी काढलं नाही तर हृदयात आणि यकृतात साचणार. इथं दर तीन महिन्यांनी फेरिटिन (अंगात किती लोह साठलंय ते सांगणारी रक्ततपासणी) बघतात आणि गोळ्या चुकवल्या तर ओरडतात. ते ओरडणं मला आवडतं.

आता तक्रारी. क्रॉसमॅचचा नमुना तीन दिवसांपेक्षा जुना चालत नाही, हे बरोबरच आहे, पण त्यासाठी आदल्या दिवशी वेगळी फेरी मारावी लागते, आणि नमुन्याची खिडकी सकाळी अकराला बंद होते. नोकरी करणाऱ्यांची अर्धी रजा त्यातच जाते. संध्याकाळी तासभर खिडकी उघडी ठेवा, एवढीच विनंती.

दुसरी मोठी. एका दुपारी गर्दी होती. दुसऱ्या सिस्टरांनी टेबलावरूनच सही केली, खाटेपाशी आल्या नाहीत. मी पिशवी लावू दिली नाही. थोडं वाजलं, पण इन्चार्ज सिस्टर आल्या, दोघींनी मिळून पुन्हा तपासलं, आणि ती घटना 'थोडक्यात टळलेली' म्हणून वहीत लिहिली गेली. मला कुणी वेडंवाकडं बोललं नाही. म्हणून पाचातला एकच तारा कापते.

तिसरी अजून तशीच आहे. घरी जाताना देतात त्या कागदावर पिशव्यांचे नंबर नसतात, मी दर वेळी डायरीत उतरवून घेते. आणि त्याच कागदावर छापलंय, 'चोवीस तास लक्ष ठेवा.' माझा त्रास सातव्या दिवशी सुरू झाला होता. अशी रिअ‍ॅक्शन तीन दिवसांपासून दोन आठवड्यांपर्यंत कधीही दिसू शकते. दोनदा लेखी कळवलंय, नवा कागद छपाईला गेलाय असं सांगतात. परवा समोरच्या खाटेवर दीड वर्षाची एक मुलगी होती, पहिल्यांदाच रक्त घ्यायला आलेली. तिची आई तो कागद घडी करून पिशवीत टाकत होती. मी मागून घेतला, 'चोवीस तास' खोडून वर पेननं '१४ दिवस' लिहिलं, खाली 'लघवीचा रंग बघा' लिहिलं आणि तिला परत दिला.