‘गाठ विरघळवून देतो’ म्हणणाऱ्यांनी अण्णांना घातलेला गंडा

प्रोस्टेटचं, म्हणजे मूत्राशयाखालच्या पुरुषांच्या ग्रंथीचं, औषध फोनवरून विकणाऱ्यांनी माझ्या वडिलांकडून अडतीस हजार रुपये उकळले. वाढलेल्या याच ग्रंथीला ते ‘गाठ’ म्हणतात. पैसे गेले ते गेले. पण त्यापायी अण्णांची लघवी पार तुंबली आणि मध्यरात्री दवाखाना गाठावा लागला, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. घरात साठी ओलांडलेला पुरुष असेल तर वाचाच.

अण्णा कराडला असतात. वय 71, एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त. रात्री चार-पाचदा उठणं, लघवी सुरू व्हायला वेळ लागणं, धार बारीक, आणि उरकल्यावरही थेंब गळणं, असा त्रास सुरू झाला तेव्हा युरोलॉजिस्टकडे नेलं होतं. सोनोग्राफी, रक्तातलं पीएसए (प्रोस्टेटमध्ये तयार होणारं प्रथिन, कॅन्सरची शंका तपासायला मोजतात), यंत्राला जोडलेल्या नरसाळ्यात लघवी करून धारेचा वेग, सगळं झालं. लक्षणांचा एक तक्ताही भरून घेतला. सात प्रश्न, 35 पैकी गुण. 7 पर्यंत त्रास सौम्य, 8 ते 19 मध्यम, 20 पासून पुढे तीव्र. अण्णांचे 17 आले. कॅन्सरची शंका नव्हती. टॅमसुलोसिनची गोळी रोज रात्री जेवणानंतर सुरू झाली आणि धार बरीच मोकळी झाली.

पण सोनोग्राफीच्या कागदावर प्रोस्टेट 52 ग्रॅम असं लिहिलेलं होतं. तरुणपणी ती साधारण 20 ग्रॅमच्या आसपास असते. हा आकडा अण्णांच्या मनात घर करून बसला. फेसबुकवर ‘चिरफाड नको, 90 दिवसांत गाठ विरघळेल’ अशी जाहिरात दिसली आणि त्यांनी त्यावर फोन नंबर टाकला. दहा मिनिटांत फोन. बोलणारा स्वतःला डॉक्टर म्हणवत होता. त्याने आधी रिपोर्ट व्हॉट्सॲपवर मागवला आणि मग विचारलं, “काका, रोजच्या गोळीने गाठ लहान झाली का? तुमच्या डॉक्टरांनाच विचारून बघा.”

इथेच खरी चलाखी आहे, कारण हे अर्धं खरं आहे. टॅमसुलोसिनने ग्रंथी लहान होत नाहीच. मूत्राशयाच्या तोंडाचे आणि ग्रंथीतले स्नायू सैल पडतात, वाट मोकळी होते. ते तिचं काम. ग्रंथी लहान करणारी औषधं वेगळी, फिनास्टराइड किंवा ड्युटास्टराइड. त्यांना सहा-सहा महिने लागतात, आणि त्यांनी पीएसए निम्म्यावर येतं म्हणून ती डॉक्टरच्या नजरेखालीच घ्यायची. शिवाय ग्रंथीचा आकार आणि त्रास यांचं प्रमाण जुळतंच असं नाही. मोठी ग्रंथी घेऊन मजेत फिरणारे आहेत, आणि लहान ग्रंथीने बेजार झालेलेही. हे कुणी नीट समजावून सांगितलं असतं तर तो फोन तिथेच संपला असता. ओपीडीच्या गर्दीत एवढं बोलायला डॉक्टरला वेळ नसतो. विकणाऱ्याला मात्र अर्धा-अर्धा तास असतो.

पहिला डबा घरपोच आला, पैसे पार्सलवाल्याच्या हातात. सोबत पथ्याचा कागद: संध्याकाळनंतर चहा-कॉफी बंद, झोपण्याआधी दोन तास पाणी नाही, झोपताना लघवीला जाऊन यायचं. अण्णा रात्री एकदाच उठू लागले. श्रेय कॅप्सूलला! हेच पथ्य कुठलाही डॉक्टर फुकट सांगतो, आणि त्याचा फरक पडतोच. गोळीही तेव्हा चालूच होती. मग दुसरा फोन आला, “आता गोळी बंद करा, दोन औषधं एकमेकांना मारतात.”

गोळी सुटली आणि धार पुन्हा आटली. त्यावर उत्तर तयार होतं: गाठ विरघळताना त्रास उफाळतो, औषध लागू पडल्याची ती खूण, आता ‘ॲडव्हान्स कोर्स’ घ्या. हे पार्सल पहिल्याच्या तिपटीने महाग. आईलाही त्याच फोनवर गळ घातली. खोकला आला की तिला थोडी लघवी होते, तर तिच्यासाठी गुलाबी डबा. दोन्ही डबे शेजारी ठेवून मी घटक वाचले. गोखरू, पुनर्नवा, शिलाजीत, सगळं अक्षर न् अक्षर सारखं. बायकांना प्रोस्टेट नसते एवढा विचार तरी करायचा. आईला उपयोग झाला तो फिजिओथेरपिस्टने शिकवलेल्या ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंच्या व्यायामाचा.

त्यात अण्णांना सर्दी झाली. मेडिकलमधून सर्दीची साधी गोळी आणली. नाक मोकळं करणाऱ्या औषधांनी मूत्राशयाचं तोंड आवळलं जातं, ॲलर्जीच्या काही जुन्या गोळ्यांनी मूत्राशय सुस्तावतं. प्रोस्टेट वाढलेल्या माणसाला तेवढं पुरतं. रात्री लघवीचा थेंब येईना, पोट दगडासारखं घट्ट, आणि एसटीत आयुष्य काढलेला माणूस लहान मुलासारखा कळवळत होता. नळी घातल्यावर जवळपास लिटरभर लघवी निघाली. नशिबाने किडनीला धक्का नव्हता. गोळी पुन्हा सुरू केली, काही दिवसांनी नळी काढली, लघवी आपली आपण झाली. पुढेमागे दुर्बिणीचं ऑपरेशन लागू शकेल असं डॉक्टर म्हणाले. अण्णांनी आता ते शांतपणे ऐकून घेतलं.

नंतर डबा नीट पाहिला. आयुर्वेदिक औषधाचा परवाना कुठेच नाही. अन्नपदार्थांचा 14 आकडी नंबर, आणि मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत ‘नॉट फॉर मेडिसिनल यूज’, म्हणजे औषध म्हणून वापरण्यासाठी नाही. 1954 च्या औषधे व जादुई उपाय कायद्याच्या यादीत प्रोस्टेटचे विकार आहेत, म्हणजे ते बरे करतो अशी जाहिरात करणंच गुन्हा. मी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि अन्न व औषध प्रशासनाला डब्यांचे फोटो पाठवले.

तक्रारीनंतर आठवड्याभरात ‘रिफंड विभागा’चा फोन आला. पैसे परत हवे असतील तर मोबाइलवर एक ॲप घ्या, स्क्रीन दिसू द्या. म्हणजे उरलेलं खातंही साफ. अण्णांनी फोन माझ्याकडे दिला, मी तो नंबर सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर कळवला. डब्यावरचा फोन आता लागत नाही. जाहिरात मात्र नव्या नावाने चालू आहे, फोटोतले हसरे आजोबा तेच.