हायब्रिड स्पोर्ट्‌स कार: नऊ महिने रोज चालवल्यावर

गाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव वाचलं की अर्ध्या लोकांचं मत तिथेच ठरतं. जातकुळी सांगतो: मॅक्लारेन आर्टुरा किंवा फेरारी २९६ जीटीबीसारखी. सीटच्या मागे व्ही६ (सहा सिलिंडरचं) टर्बो इंजिन, म्हणजे टर्बाइनने जास्त हवा आत कोंबून जोर वाढवणारं, त्याला जोडलेली इलेक्ट्रिक मोटर आणि प्लग लावून चार्ज होणारी बॅटरी. त्या दोघींची बॅटरी ७.४ किलोवॉट-तासांच्या आसपास आहे, माझीचीही साधारण तेवढीच. म्हणजे इंजिन न लावता जाता येतं, पण फार लांब नाही.

घेताना शून्य ते शंभर किलोमीटर वेग किती सेकंदांत, हे आकडे मला पाठ होते. ते कामी आलेले प्रसंग बोटांवर मोजता येतील. रोज कामी येते ती पहाटेची शांतता. आधीची गाडी सुरू केली की सगळ्या गल्लीला कळायचं, स्वारी निघाली. ही चोरपावलांनी बाहेर पडते. मागे घेतानाही मोटरच. आर्टुरात तर रिव्हर्स गिअरच नाही, मोटर उलटी फिरते. त्यामुळे पडद्यावर बॅटरी रिकामी दिसली तरी गाडी थोडी शिल्लक राखून असते. नाहीतर पार्किंगमधून निघायची पंचाईत.

आता वेगाबद्दल. वळणातून बाहेर पडताना पाय दाबला की टर्बोत दाब तयार व्हायला जरा वेळ जातो. तेवढ्यात मोटर गाडी ओढायला लागलेली असते, कारण तिला आरपीएम (फिरण्याचा वेग) चढायची वाट बघावी लागत नाही. पहिले काही आठवडे मला वाटत होतं की इंजिन कागदावर लिहिलंय त्यापेक्षा मोठं आहे. ही मजा अजून ओसरलेली नाही, आणि ती घ्यायला वेडा वेग लागत नाही. साध्या वळणाच्या रस्त्यावर, तिसऱ्या गिअरातसुद्धा मिळते.

पण एक गोष्ट विक्रेत्याने सांगितली नाही आणि मीही विचारली नाही. इलेक्ट्रिकवर निघालात, दहा मिनिटं शांतपणे गेलात आणि समोर ट्रक आला. ओव्हरटेकसाठी पाय पूर्ण दाबला की इंजिन जागं होतं, तेही थंडगार. तेल गरम नाही आणि त्याच्याकडून एकदम पूर्ण जोर मागितला जातोय. पहिल्यांदा तो खरखरीत आवाज ऐकला तेव्हा माझ्याच पोटात गोळा आला. कंपन्या याचा विचार करत असणार, सॉफ्टवेअर काही प्रमाणात आवर घालतंही. तरी माझी सवय आता ठरलेली आहे: पुढे मोकळा रस्ता येणार असेल तर पाच-सात किलोमीटर आधीच मोड बदलून इंजिन चालू करतो आणि तेलाचं तापमान बघूनच पाय दाबतो. म्हणजे गाडी माझ्यासाठी विचार करते हे खरं, पण मलाही तिच्यासाठी करावा लागतो.

ब्रेकची सवय व्हायला महिना गेला. हलकं दाबलं की आधी मोटर वेग कमी करते आणि ती ऊर्जा बॅटरीत जाते. डिस्क नंतर कामाला लागतात. हा बदल बहुतेक वेळा कळत नाही. पण बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर ऊर्जा ठेवायला जागाच नसते, मग तोच पाय, तेवढाच दाब, आणि गाडी वेगळी वागते. घरून फुल चार्ज करून लगेच उतार लागणार असेल, तर हे लक्षात असू द्या.

वजन जाणवतं का? रस्त्यावर नाही. ट्रॅकवर एकदाच नेली. काही फेऱ्यांनंतर बॅटरी उतरली, मोटरचा हात सुटला आणि मग जाणवलं. आर्टुरात हायब्रिडच्या सामानाचं वजन १३० किलो आहे. म्हणजे दोन धडधाकट माणसं कायमची गाडीत. पोर्शने २०२४ च्या ९११ जीटीएसमध्ये दुसरा रस्ता धरला: १.९ किलोवॉट-तासांची छोटी बॅटरी, एक छोटी मोटर थेट टर्बोत, एक गिअरबॉक्समध्ये, आणि प्लगच नाही. कॉर्व्हेट ई-रेचंही तसंच, तेवढीच बॅटरी, फक्त मोटर पुढच्या चाकांना. रात्री चार्जिंगची सोय नसेल तर माझं मत सरळ आहे, त्या बाजूला जा. चार्ज न करता प्लगवाली गाडी चालवणं म्हणजे ओझं वाहून नेणं.

सामानाची जागा जेमतेम, त्यात चार्जिंगची केबल. केबल घेतली की बॅग मांडीवर. एकदा तीन आठवडे गाडी उभी ठेवली तर १२ व्होल्टची छोटी बॅटरी मेली. शेजारी मोठी बॅटरी भरलेली, आणि गाडी लॉकसुद्धा उघडेना! आता उभी ठेवायची असेल तर तिला ट्रिकल चार्जर, म्हणजे थोडा थोडा करंट देत राहणारा चार्जर, लावून ठेवतो.

गेल्या आठवड्यात सर्व्हिसिंगला दिली होती. मेकॅनिकने ब्रेक पॅड मोजले, जवळपास नव्यासारखे. मग तो मागे गेला, वाकून टायर बघितले आणि माझ्याकडे बघून नुसता हसला. दोन्ही संपलेत.